माउंटन बाइकवाल्यांसाठी मोटरहोम : आल्प्सच्या प्रवासानंतरचे परीक्षण

मोटरहोम भाड्याने देणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत पलंग, शेगडी, न्हाणीघर आणि मागच्या खिडकीतून दिसणारे डोंगर यांचेच फोटो असतात. ज्याला माउंटन बाइक घेऊन डोंगरात जायचे आहे, त्याने ही पाने उलटून थेट दोन गोष्टी पाहाव्यात : पलंगाखालचे गॅरेज किती मोठे आहे, आणि गाडी कायद्याने आणखी किती किलो वजन घेऊ शकते. आम्ही नवरा-बायको जर्मनीत राहतो. दक्षिण जर्मनीतल्या एका कंपनीकडून मोटरहोम भाड्याने घेऊन आम्ही ऑस्ट्रियातल्या नाउडर्समार्गे रेशेन खिंड ओलांडली, इटलीत गार्डा सरोवराकाठी राहिलो आणि पुढे लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या फिनाले लिगुरेपर्यंत जाऊन परतलो. कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मी देत नाही, कारण या रचनेच्या गाड्या अनेक उत्पादक जवळजवळ सारख्याच बांधतात आणि इथे मांडलेले बहुतेक मुद्दे त्या सर्वांना लागू पडतात.

गाडी फियाट डुकाटोच्या सांगाड्यावर बांधलेली, सेमी-इंटिग्रेटेड प्रकारची होती. म्हणजे चालकाची केबिन मूळ व्हॅनची आणि मागचा भाग मोटरहोम उत्पादकाने चढवलेला. लांबी सुमारे ७ मीटर, रुंदी २.३ मीटर, उंची २.९ मीटर आणि एकूण अनुमत वजन ३,५०० किलो. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण जर्मनीतला बी वर्गाचा परवाना याच मर्यादेपर्यंत चालतो. भारतातून इथे राहायला आलेल्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी : जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनंतर भारतीय परवान्यावर गाडी चालवता येत नाही, आणि जर्मन परवान्यासाठी लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मोटरहोमचे आरक्षण हे सगळे झाल्यावरच करावे.

आता वजनाकडे येते, कारण या गाडीच्या परीक्षणाचा गाभा तिथेच आहे. कागदोपत्री गाडीचे चालू स्थितीतले वजन २,९६० किलो होते. युरोपीय नियमांनुसार या आकड्यात ७५ किलोचा चालक, ९० टक्के भरलेली डिझेलची टाकी, गॅस आणि पाणी धरलेले असते. पण उत्पादक प्रवासासाठी पाण्याची पातळी कमी, बहुधा २० लिटर, धरू शकतो. शिवाय प्रत्यक्ष गाडी या आकड्यापेक्षा पाच टक्क्यांपर्यंत जड निघाली तरी ते नियमात बसते, आणि तीन टनांच्या गाडीत पाच टक्के म्हणजे दीडशे किलो. त्यावर भाड्याच्या गाडीत मागाहून बसवलेले ऑनिंग (बाजूला उघडणारे कापडी छप्पर), सौर पॅनेल, कॅम्पिंगच्या खुर्च्या, विजेची लांब केबल, पाण्याचे पाइप. कागदावर दिसणारी ५४० किलोंची सूट अशी पाहता पाहता आटत जाते.

आम्ही प्रवासाला निघण्याआधी गाडी वजनकाट्यावर नेली. भंगार व बांधकाम साहित्याच्या आवारांत असे काटे असतात आणि काही युरो देऊन वजनाची पावती मिळते. दोघे जण, दोन सायकली, कपडे, हत्यारे, शिधा आणि पाण्याची अर्धी टाकी धरून एकूण वजन भरले ३,४४० किलो. मर्यादेत, पण फक्त ६० किलो शिल्लक. खरी गोष्ट पुढे कळली. पुढची चाके काट्याबाहेर नेऊन केवळ मागच्या ॲक्सलचे, म्हणजे मागच्या चाकांना जोडणाऱ्या आसावरचे, वजन घेतले, तर ते १,९६० किलो निघाले आणि त्या ॲक्सलची मर्यादा होती २,००० किलो.

याचे कारण गॅरेजच्या जागेत आहे. गॅरेज मागच्या ॲक्सलच्याही मागे असते, त्यामुळे तिथे ठेवलेले वजन तराजूच्या दांडीसारखे काम करते : मागचा ॲक्सल दाबते आणि पुढचा उचलते. आमच्या गाडीत दोन ॲक्सलमधले अंतर सुमारे चार मीटर आणि गॅरेजचा मध्य मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे होता. अशा ठिकाणी १२० किलो सामान ठेवले, तर मागच्या ॲक्सलवर सुमारे १५५ किलो भार पडतो आणि पुढच्या ॲक्सलवरचे ३५ किलो कमी होतात. डुकाटोला ओढणारी चाके पुढची असल्यामुळे ओल्या गवतावर किंवा चढणीच्या खडीवर ती हलकी झालेली चाके नुसती फिरतात. नाउडर्सजवळच्या कॅम्पसाइटवर पावसानंतर आम्हाला हे दिसले. पाण्याची टाकी, शिधा आणि जड हत्यारे पुढे असती, तर गाडी सहज निघाली असती. त्यानंतर हत्यारांची पेटी आणि पाण्याच्या बाटल्या आम्ही जेवणाच्या टेबलाखालच्या कप्प्यात हलवल्या, आणि उरलेल्या प्रवासात ती अडचण पुन्हा आली नाही.

गॅरेजविषयी मात्र मी मनापासून चांगलेच लिहीन. उजव्या बाजूचे दार ९० सेंटिमीटर रुंद व ११० सेंटिमीटर उंच, आतली रुंदी २१३ सेंटिमीटर आणि उंची ११८ सेंटिमीटर. २९ इंची चाकांची माउंटन बाइक टोकापासून टोकापर्यंत साधारण १९० सेंटिमीटर भरते आणि तिचे हँडलबार जमिनीपासून एक मीटरहून थोडे वर येते. ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे सीटचा खालीवर होणारा दांडा, खाली दाबला की सायकल चाके न काढता उभी आत जाते. पहिली सायकल अशी सरळ जाते. कस लागतो तो दुसरीच्या वेळी. आजची हँडलबारे ७८ ते ८० सेंटिमीटर रुंद असतात, आणि गाडीच्या लांबीच्या दिशेने गॅरेज दोन हँडलबारे शेजारी मावतील एवढे नसते. त्यावर उपाय तीन. स्टेमचे (हँडलबार धरणाऱ्या जोडाचे) बोल्ट ढिले करून हँडलबार सायकलीला समांतर फिरवता येते, पण प्रत्येक वेळी ते पुन्हा सरळ करून टॉर्क पानाने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) घट्ट करावे लागते, आणि दररोज सायकल बाहेर काढणाऱ्याला हे परवडत नाही. दोन्ही सायकली उलटसुलट तोंडाने ठेवल्या तर हँडलबारे एकमेकांना चुकतात, मात्र एकीचे पेडल दुसरीच्या फोर्कवर, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यावर, येते. तिसरा आणि मला सर्वांत पसंत पडलेला उपाय म्हणजे एका सायकलीचे पुढचे चाक काढून फोर्क जमिनीवरच्या थ्रू-ॲक्सल क्लॅम्पमध्ये (आरपार दांड्याने फोर्क जखडणाऱ्या पकडीत) बसवणे. त्यामुळे ती खाली येते, तिचे हँडलबार दुसरीच्या हँडलबारखाली सरकते आणि दोन्ही हलेनाशा होतात.

कंपनीने गॅरेजच्या जमिनीत ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि सामान बांधायचे दोन पट्टे दिले होते, एवढेच. क्लॅम्प आमचा स्वतःचा होता. नळाच्या पाइपांवर चढवतात तशा फोमच्या नळ्या लांबीत चिरून आम्ही सायकलींच्या फ्रेमवर बसवल्या आणि फोर्कच्या चकचकीत नळ्यांभोवती जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. मोटरहोम वळणावर डोलते, सामानाचे घासणे तासन् तास चालू राहते, आणि फोर्कच्या त्या नळीवर पडलेला एक ओरखडा सीलमधून तेल गळायला पुरेसा होतो. दोन सायकली डिरेलरची (गिअर बदलणाऱ्या मागच्या यंत्रणेची) बाजू एकमेकींकडे न करता ठेवाव्यात, हेही तितकेच मोलाचे.

मागच्या भिंतीवर बाहेर बसवलेल्या सायकल कॅरियरपेक्षा गॅरेज किती बरे, हे इटलीत विशेष जाणवते. तिथे गाडीच्या मागे बाहेर आलेल्या सामानावर लाल-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांचा ५० बाय ५० सेंटिमीटरचा फलक लावणे बंधनकारक आहे. स्पेनमध्येही तसाच नियम आहे. बाहेरच्या कॅरियरवर सायकलींना पाऊस, रस्त्यावरचे मीठ आणि चोर या तिन्हींना तोंड द्यावे लागते, आणि जड ई-बाइक छातीच्या उंचीपर्यंत उचलावी लागते ते वेगळेच. गॅरेजात सायकली आपल्या पलंगाखाली कुलूपबंद राहतात. त्याची किंमत एवढीच की पलंग उंचावर जातो, शिडीने चढावे लागते आणि पलंगावर ताठ बसताना उंच माणसाचे डोके छताला लागते. मला ती किंमत मान्य आहे.

विजेचा हिशोब ई-बाइकवाल्यांनी घरीच करून निघावे. माझी सायकल साधी, १५ किलोची. नवऱ्याची ई-माउंटन बाइक २४ किलोची आणि तिची बॅटरी ७५० वॉट-तासांची. गाडीत १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी व तिच्यावर घरगुती उपकरणे चालवणारा इन्व्हर्टर होता, म्हणजे पूर्ण भरलेली असताना सुमारे १,२८० वॉट-तास. रूपांतरातली गळती धरता ई-बाइकची रिकामी बॅटरी एकदा भरायला त्यातले साधारण दोन तृतीयांश जातात. उन्हाळ्यातले सौर पॅनेल आणि रोजचा तास-दोन तासांचा प्रवास यांवर एका ई-बाइकचे निभते. दोन असतील तर एक दिवसाआड कॅम्पसाइटची वीज लागेलच. ही वीजही काही ठिकाणी ६ अँपिअरचीच मिळते, म्हणजे सुमारे १,३८० वॉट. सायकलचे चार्जर त्यावर आरामात चालतात, मात्र त्याच वेळी विजेची किटली लावली तर फ्यूज उडतो. आमच्या गाडीत इन्व्हर्टरचे सॉकेट गॅरेजात नव्हते. बॅटरी काढून आत टेबलावर आणावी लागे. सायकलवाल्यांना गाडी देणाऱ्या कंपनीने ही साधी सोय करायला हवी होती.

चिखल हा मोटरहोमचा दुसरा कस. ताज्या पाण्याची टाकी १०० लिटरची आहे म्हणून तिच्यातून सायकली धुवायला निघालात, तर आंघोळीला पाणी उरत नाही. चिखल वाळू द्यावा, ताठ ब्रशने झाडावा, साखळी पुसून तेल द्यावे आणि खरी धुलाई कॅम्पसाइटवरच्या किंवा केबल कारच्या पायथ्याच्या सायकल धुण्याच्या जागी करावी. उच्च दाबाचा फवारा मात्र बेअरिंगांवर धरू नये, ग्रीस निघून जाते. या गाडीची एक सोय मला फार आवडली : गरम हवेच्या हीटरचा एक झोत गॅरेजात सोडलेला होता. ओले बूट, गुडघ्यांची पॅडे आणि हातमोजे दोरीवर टांगून तो झोत रात्रभर मंद चालू ठेवला की सकाळी सगळे कोरडे. लागोपाठ पावसाच्या दिवसांत ही सोय नसती तर आम्ही परतीचा रस्ता धरला असता.

रस्त्यावर गाडी अपेक्षेपेक्षा चांगली वागली. १४० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन घाटात दमले नाही, आणि शंभर किलोमीटरला सुमारे १० ते ११ लिटर डिझेल लागले. ऑस्ट्रियात ३,५०० किलोपर्यंतच्या गाडीला विन्येट, म्हणजे महामार्ग वापरण्याचा ठरावीक मुदतीचा परवाना, पुरते. ब्रेनरच्या महामार्गावर त्याशिवाय वेगळा टोल द्यावा लागतो, म्हणून आम्ही १,५०७ मीटर उंचीच्या रेशेन खिंडीचा रस्ता घेतला. वळणे अधिक आहेत, पण सायकलवाल्याला हाच रस्ता अधिक सोयीचा, कारण नाउडर्स, रेशेन सरोवर आणि पुढे फिनश्गाउ खोऱ्यातले लाच ही ट्रेलची, म्हणजे सायकलींच्या डोंगरवाटांची, ठिकाणे ओळीने लागतात. १९५० साली धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या ग्राउन गावाच्या चर्चचा चौदाव्या शतकातला मनोरा सरोवराच्या पाण्यातून वर आलेला दिसतो. त्याच्या शेजारच्या वाहनतळावर मोटरहोमांची गर्दी असते, तेव्हा सकाळी लवकर पोहोचावे. गार्डाच्या पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्यावर जुने, अरुंद बोगदे आहेत आणि समोरून बस आली की २.३ मीटर रुंदीचा अर्थ नीट कळतो. पूर्व किनारा सोपा.

रात्री कुठे थांबायचे, याचे नियम तिन्ही देशांत निराळे आहेत आणि भाड्याची गाडी देताना कंपनी ते क्वचितच समजावून सांगते. जर्मनीत जिथे वाहन उभे करायला परवानगी आहे, तिथे चालक पुन्हा ताजातवाना होईपर्यंत एक रात्र गाडीत झोपता येते, पण खुर्च्या-टेबल मांडले की ते कॅम्पिंग ठरते. ऑस्ट्रियाच्या टिरोल राज्यात कॅम्पसाइटबाहेर राहायला मनाई आहे. इटलीच्या वाहतूक कायद्यात चाकांशिवाय गाडीचे काहीही जमिनीला टेकत नसेल, गाडीतून सांडपाणी गळत नसेल आणि ती आपल्या आकाराबाहेर जागा व्यापत नसेल, तर ते केवळ वाहन उभे करणे मानले जाते. तरी गावोगावच्या नगरपालिका वेगळे निर्बंध लावतात आणि किनाऱ्यालगत ते कडक असतात. आम्ही मोटरहोमसाठी राखलेल्या जागांवरच राहिलो. सांडपाणी सोडणे, शौचालयाची कॅसेट (मैला साठणारी काढती टाकी) रिकामी करणे आणि ताजे पाणी भरणे ही कामे तिथेच नीट होतात.

ट्रेलवर सायकल चालवण्याचे कायदेही सीमेबरोबर बदलतात. ऑस्ट्रियाच्या १९७५ च्या वनकायद्याने जंगलात चालायची मुभा सर्वांना आहे, सायकल चालवायला मात्र जमीनमालकाची परवानगी लागते. म्हणून सायकलींसाठी आखून दिलेल्या मार्गांवरूनच जावे. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात दोन मीटरहून अरुंद जंगलवाटांवर सायकल चालवता येत नाही, तर शेजारच्या बव्हेरियात योग्य वाटांवर येते. वाटेचा अवघडपणा एस-० (सर्वांत सोपी) ते एस-५ (सर्वांत अवघड) या श्रेणीत सांगतात. गार्डाच्या उत्तर टोकाला २,०७९ मीटर उंच मोंते आल्तिस्सिमोवरून तोर्बोलेकडे उतरणारी ६०१ क्रमांकाची वाट प्रसिद्ध आहे. सरोवर समुद्रसपाटीपासून ६५ मीटरवर असल्याने उतार जवळजवळ दोन हजार मीटरांचा, आणि सुट्या दगडांनी भरलेला. तिथे ब्रेकचे पॅड डोळ्यांदेखत झिजतात. जास्तीचे पॅड आणि टायरमध्ये भरायचे सीलंट मोटरहोममध्ये असणे ही चैन मानू नये.

फिनाले लिगुरेला मोटरहोमची उपयुक्तता सर्वांत ठळक दिसली. गावामागे सुमारे हजार मीटर उंचीवर नाटोचा जुना तळ आहे. शटलच्या व्हॅन सायकली ट्रेलरवर चढवून तिथे नेतात आणि तिथून ओकच्या रानांतून, चुनखडीच्या कड्यांजवळून वाटा समुद्राकडे उतरतात. ७ मीटरची गाडी त्या अरुंद रस्त्याने वर नेण्याचा विचारही करू नये. ती राखीव जागेवर उभी करून ठेवावी, शटलने वर जावे आणि चाकांवरून थेट मुक्कामी उतरावे. दुपारी सायकल दारापाशी टेकवून दहा मिनिटांत गरम पाण्याने आंघोळ, हे हॉटेलात चिखलाचे बूट हातात धरून जिना चढणाऱ्याला मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथे फार उकडते. मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा.

भाड्याच्या सेवेबद्दल माझे समाधान अर्धेच झाले. गाडी ताब्यात देताना गॅस, पाणी, हीटर आणि शौचालय यांची माहिती संबंधित कर्मचाऱ्याने शांतपणे, प्रत्येक झडप हाताने फिरवून दाखवत दिली. थंडीत पाणी सुमारे तीन अंशांना आपोआप सोडून देणारी बॉयलरची झडप कुठे आहे आणि ती पुन्हा कशी लावायची, हेही त्याने न विचारता सांगितले. पण गॅरेजची भारमर्यादा किती, असे विचारल्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. दाराच्या आतल्या बाजूचा स्टिकर पुसट झाला होता आणि आकडा शेवटी उत्पादकाच्या पुस्तिकेत सापडला, १५० किलो. परत करताना गॅरेजच्या जमिनीवरच्या मातीबद्दल स्वच्छतेचे वेगळे पैसे अनामत रकमेतून कापले गेले. जाहिरातीत सायकलींचे फोटो छापणाऱ्या कंपनीने गॅरेजात रबराची एक चटई देणे अगत्याचे होते, असे आम्ही लेखी कळवले, तेव्हा निम्मी रक्कम परत आली.

दोघांकडेही साध्या सायकली असतील आणि प्रवास आठवड्याभराचा असेल, तर मी सेमी-इंटिग्रेटेडऐवजी ६ मीटर लांबीची, मूळ पत्र्याच्या बॉडीची व्हॅन सुचवेन. ती सुमारे २.०५ मीटर रुंद असते, गार्डाकाठच्या बोगद्यांत आणि खेड्यांच्या गल्ल्यांत निर्धास्त जाते आणि वजनाची सूटही बहुधा जास्त मिळते. मात्र तिच्यात सायकली आत ठेवायच्या तर मागचा पलंग उचलावा लागतो, आणि पावसाच्या दिवशी ओल्या सायकलींवर अंथरूण घालायची वेळ येते. ई-बाइक असतील, किंवा तीन-चार आठवडे गाडीतच राहायचे असेल, तर गॅरेजवाली मोटरहोमच घ्यावी.

पुढच्या प्रवासासाठी आम्ही चौकशी केली, तेव्हा प्रत्येक कंपनीकडे गाडीच्या प्रत्यक्ष वजनाची वजनकाट्यावरची पावती, दोन्ही ॲक्सलच्या मर्यादा, गॅरेजच्या दाराची मापे आणि गॅरेजात विजेचे सॉकेट आहे का, एवढेच लेखी मागितले. बहुतेकांनी उत्तरादाखल माहितीपत्रकच पुन्हा पाठवले. एका छोट्या व्यावसायिकाने पावतीचा फोटो, मोजपट्टी धरून काढलेले दाराचे दोन फोटो आणि सॉकेट नाही, पण बसवून देतो, असे चार ओळींचे पत्र पाठवले. त्याचे भाडे इतरांपेक्षा थोडे जास्त आहे. सप्टेंबरसाठी आम्ही त्याचीच गाडी ठरवली आहे.